घोलवडचे इराणी, तलासरीचे खरपडे

पश्चिम रेल्वेची गाडी डहाणू रोड सोडून घोलवडकडे निघाली की रुळांच्या कडेने चिकूच्या वाड्या दिसायला लागतात. या वाड्या कोणाच्या, असं विचारलं की उत्तरात ‘इराणी’ हे नाव हटकून येतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: सिनेमातले इराणी, टाटा स्टीलचे इराणी, क्रिकेटच्या करंडकावरचे इराणी आणि हे चिकूवाले इराणी, सगळे एकाच घराण्यातले का?

नाहीत. पण एवढ्यावर थांबलं तर आडनाव या गोष्टीचं कामकाज कळायचं राहून जातं, आणि ते समजून घ्यायला डहाणू-तलासरीइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नसावी. या दोन तालुक्यांत एकसारखं आडनाव म्हणजे काही घरांत रक्ताचं नातं, तर काही घरांत केवळ योगायोग. आडनाव कोणी दिलं, कधी दिलं आणि कोणत्या कागदावर पहिल्यांदा उमटलं, हे पाहिल्याशिवाय त्यातलं काय खरं ते कळत नाही.

आधी इराणी कोण, ते पाहू. घोलवडच्या पुढे उंबरगाव आणि त्याच्या पुढे संजाण. इराणमधून निघालेले पारशी आठव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान कधीतरी संजाणला उतरले, अशी परंपरा आहे. संजाण शत्रूच्या हाती पडलं तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, डहाणू-तलासरीच्या टापूतल्या बारड डोंगरावर, बहरोटच्या गुंफांमध्ये लपवला आणि तिथे तो बारा वर्षं तेवत ठेवला, असं त्यांची परंपरा सांगते. आज तोच अग्नी उदवाड्याला आहे. म्हणजे पारशांचं या भूमीशी नातं हजार वर्षांच्या घरातलं आहे. घोलवड-बोर्डीचे इराणी त्यांचेच धर्मबंधू. जरथुश्त्री धर्म तोच, अग्नी तोच, अंगातल्या पवित्र सदऱ्याची आणि कमरेच्या दोऱ्याची सुद्रा-कुस्तीही तीच. पण ते आले एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात, यझद आणि केरमान या इराणी शहरांच्या आसपासच्या खेड्यांतून. दोन्ही स्थलांतरांत जवळजवळ हजार वर्षांचं अंतर आहे.

ते का आले हेही सांगितलं पाहिजे, कारण आडनावाची गोष्ट तिथूनच सुरू होते. काजार राजवटीत इराणमधल्या जरथुश्त्रींना जिझिया द्यावा लागे. घोड्यावर बसणं, बरे कपडे घालणं, घराची भिंत उंच बांधणं, अशा साध्या गोष्टींवर बंधनं होती. सुरतेकडच्या माणेकजी लिमजी हातारिया यांना मुंबईच्या पारशांनी १८५४ साली तिकडे पाठवलं. त्यांनी केलेल्या मोजणीत संपूर्ण इराणमध्ये जेमतेम ७,७०० जरथुश्त्री उरलेले निघाले. हातारियांनी शाळा काढल्या, दाद मागितली, पैसा उभा केला, आणि अखेर १८८२ मध्ये शाह नासिरुद्दीनने जिझिया उठवला. मधल्या काळात, १८७० ते १८७२ मध्ये, इराणात भीषण दुष्काळ पडला. ज्यांना पाय उचलता आले त्यांनी मुंबईची वाट धरली. ही माणसं श्रीमंत व्यापारी नव्हती. शेतकरी, विणकर, गाढवं हाकणारे असे लोक होते. मुंबईत ती पारशांच्या घरी कामाला लागली, हळूहळू चौकातल्या कोपऱ्यावरच्या दुकानांत चहा आणि ब्रुन-मस्का विकू लागली, आणि त्यांतली काही कुटुंबं रेल्वेच्या वाटेने डहाणूला आली.

आता या माणसांची नावं कशी होती ते बघा. यझदजवळच्या खेड्यातला माणूस म्हणजे अमुक गावच्या जमशेदचा मुलगा रुस्तम. बस्स, एवढंच. इराणमध्ये प्रत्येकाला ठरीव आडनाव हवं, असा कायदा देशभर झाला तो थेट १९२५ साली, रझा पहलवी सत्तेवर येत असताना. त्याआधी निघालेल्या माणसाच्या गाठोड्यात आडनाव नव्हतंच. मुंबईत मात्र गोदीच्या नोंदीत, दुकानाच्या परवान्यात, शाळेच्या दाखल्यात शेवटचा रकाना रिकामा ठेवून चालत नसे. लिहिणाऱ्याला समोरच्याचं खेडं माहीत नव्हतं, आजोबाचं नाव माहीत नव्हतं. त्याला दिसत होतं ते एवढंच, की हा माणूस इराणहून आलाय. त्याने लिहिलं: रुस्तम जमशेद इराणी. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या रक्ताच्या, आयुष्यात कधी न भेटलेल्या माणसाच्या पुढेही त्याने तेच लिहिलं. काहींनी ‘यझदानी’ किंवा ‘केरमानी’ घेतलं, काहींनी बापाचं नावच शेवटी लावलं. म्हणून दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी होऊ शकली आणि दोन परक्यांचं आडनाव एक झालं. मागे यझदला राहिलेल्या चुलत भावाने १९२५ नंतर तिसरंच आडनाव घेतलं असेल, ते वेगळंच.

पारशांचं जरा निराळं आहे. त्यांची आडनावं बरीचशी धंद्यावरून किंवा गावावरून पडलेली: बाटलीवाला, कॉन्ट्रॅक्टर, भरूचा, वाडिया. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला जहाजं बांधायला आले आणि त्या कामावरून त्यांचं घराणं वाडिया झालं. पण जहाजबांधणीच्या धंद्यातल्या दुसऱ्या पारशालाही वाडियाच म्हणत. त्यामुळे आडनाव वाडिया म्हणजे लवजींचाच वंश, असंही गृहीत धरता येत नाही.

हे लक्षात घेऊन पहिल्या प्रश्नातली नावं पुन्हा पाहू. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. तो काढणारे आर्देशिर इराणी पुण्यात जन्मलेले. दोनच वर्षांनी फारसी भाषेतला पहिला बोलपटही त्यांच्याच इम्पिरियल कंपनीने मुंबईत तयार केला. अहमदनगरजवळ मेहेराबाद वसवणारे मेहेरबाबा म्हणजे मेरवान शेरियार इराणी, तेही पुण्याचेच, १८९४ चे. टाटा स्टीलला नवं रूप देणारे जमशेद इराणी १९३६ साली नागपुरात जन्मले. रणजी करंडकाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सुरू झालेल्या इराणी करंडकाला क्रिकेट मंडळाचे झाल इराणी यांचं नाव आहे. बोमन इराणी पडद्यावर येण्याआधी मुंबईत घरचं वेफर्स-फरसाणाचं दुकान सांभाळत. या सर्वांना जोडणारी गोष्ट एकच: त्यांच्या कोणा पूर्वजाने इराण सोडला आणि हिंदुस्थानातल्या कोणत्यातरी कागदावर त्याची तशी नोंद झाली. आडनाव यापलीकडे काही सांगत नाही.

उलटही खरं आहे. डेझी, हनी आणि मेनका या तिघी इराणी बहिणी. पहिल्या दोघी बालकलाकार म्हणून गाजल्या. हनी इराणींची मुलं म्हणजे झोया आणि फरहान अख्तर. मेनका इराणींची मुलं म्हणजे फराह आणि साजिद खान. इथे रक्ताचं नातं सख्ख्या मावसभावंडांचं आहे, आणि आडनावात त्याचा मागमूस नाही. राजकारणातल्या स्मृती इराणी लग्नाने इराणी झाल्या, माहेरच्या त्या मल्होत्रा. शिवाय इराणी हे आडनाव एका धर्माचंही नाही. मुंबई, पुणे, हैदराबाद या शहरांत इराणहून आलेली शिया मुसलमान कुटुंबंही आहेत. त्यांनीही हॉटेलं चालवली, आणि त्यांनाही लोक इराणीच म्हणतात.

नावांचा हा घोळ न्यायालयातही पोचला. मुंबईच्या पारशी पंचायतीचा खटला १९०८ मध्ये निकाली निघाला. आर. डी. टाटांच्या फ्रेंच पत्नीला पारशी मानायचं का, हा त्यातला गाजलेला मुद्दा. पण न्या. दावर आणि न्या. बीमन यांच्या निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली: इराणहून आलेले, जरथुश्त्री धर्म पाळणारे इराणी, मग ते कायमचे आलेले असोत की तात्पुरते, कायद्याच्या दृष्टीने पारशी समाजातलेच. घोलवडच्या बागायतदाराच्या दृष्टीने हा निकाल दूरचा वाटेल. तो तसा का नाही, हे वारसाच्या प्रश्नापाशी आल्यावर कळेल.

डहाणूत इराणी बागायतदार कसे झाले याची एक चांगली आणि एक कठीण बाजू आहे, आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. चांगली बाजू चिकूची. महाराष्ट्रात चिकूची पहिली लागवड १८९८ साली घोलवडला झाली असं फळबागांच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. समुद्राची दमट हवा आणि निचरा होणारी जमीन या झाडाला मानवली. पारशी आणि इराणी कुटुंबांनी, आणि त्यांच्याबरोबर सावे, राऊत, चुरी, पाटील अशा वाडवळ बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेऊन या पट्ट्याला नाव मिळवून दिलं. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. कठीण बाजू अशी, की या वाड्या ज्या हातांनी उभ्या राहिल्या ते हात वारली आदिवासींचे होते. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू-ताडीचे मक्ते ठेकेदारांकडे गेले आणि उधारी, सावकारी, गहाणखत या मार्गांनी आदिवासींची जमीन हातची गेली. जमीनदारांत हिंदू होते, मुसलमान होते, पारशी आणि इराणीही होते. वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर गडी राहणं, हे या तालुक्यांत दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालू होतं. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ करणार नाही अशी शपथ घेतली. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्यात उभे राहिले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले.

जेठ्या गांगड. हे नाव मुद्दाम इथे थांबून वाचावं, कारण वारल्यांच्या आडनावाचं कामकाज इराण्यांच्या अगदी उलट चालतं.

वारली समाजात गांगड, खरपडे, धोडडे, कोम, म्हशे, वरठा, दुमाडा ही आडनावं म्हणजे कुळी. कुळीची माणसं एकमेकांची भाऊबंद. खरपड्यांच्या मुलाची सोयरीक खरपड्यांच्या मुलीशी होत नाही, मग एक घर तलासरीला आणि दुसरं पार डहाणूच्या दक्षिण टोकाला असो. लग्नाची बोलणी निघाली की आधी कुळी विचारली जाते. दोन घरांना आपला समान पणजोबा कोण हे सांगता येत नसेल, तरी चालतं. एक आडनाव म्हणजे एक रक्त, असं समाज धरून चालतो आणि तसं वागतो. इराण्यांमध्ये मात्र इराणी मुलीचं लग्न इराणी मुलाशी सर्रास होतं, आणि तिला आडनाव बदलावंही लागत नाही. घोलवडची वाडी आणि तिच्या मागचा पाडा यांच्यामध्ये फक्त एक कुंपण आहे, आणि त्या कुंपणाच्या एका बाजूला समान आडनाव म्हणजे लग्नाला मनाई, तर दुसऱ्या बाजूला त्याला लग्नाच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही.

म्हणून वारली आडनावाबद्दल अंदाज करताना भरवसा थोडा जास्त ठेवता येतो. पण तिथेही लिहिणारा मध्ये आलाच. बाहेरून आलेला कारकून पाड्यावर बसला. समोरच्याची कुळी त्याला माहीत नव्हती. त्याला दिसत होती ती जमात. त्याने आडनावाच्या जागी ‘वारली’ लिहिलं. मुंबईच्या कारकुनाने ‘इराणी’ लिहिलं त्यामागची रीत हीच. उंबरगाव तालुक्यात आजही ‘वारली’, ‘धोडी’, ‘हळपती’ ही आडनावं म्हणून कागदोपत्री चालतात, आणि ही आडनावं असणाऱ्यांची कुळी कागदावरून ओळखता येत नाही.

याला सीमेचीही फोडणी आहे. १ मे १९६० पूर्वी उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्यातली बरीच गावं गुजरातेत गेली, आणि जी महाराष्ट्रात राहिली त्यांतून तलासरी तालुका उभा राहिला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा डहाणू आणि तलासरी त्यात आले. सीमेवरच्या एखाद्या कुटुंबाची एक शाखा अलीकडे ‘खरपडे’ म्हणून आणि दुसरी पलीकडे ‘वारली’ म्हणून नोंदलेली असू शकते. भाषा एक, देव एक, लग्न लावणारी धवलेरी एक. शेवटचा शब्द तेवढा वेगळा.

आडनावं बाहेरून लादली जाण्याचं जगातलं सर्वांत ठळक उदाहरण फिलिपिन्समधलं आहे, आणि त्याचा घोलवडशी संबंध चिकूतूनच लागतो. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. स्पॅनिश जहाजांनी तो पॅसिफिक ओलांडून मनिलाला नेला आणि तिथून तो आशियात रुजला. त्याच स्पॅनिश राजवटीचा गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया याने नोव्हेंबर १८४९ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक कुटुंबाला कायमचं आडनाव हवं. त्यासाठी साठ हजारांहून अधिक आडनावांची छापील यादी तयार झाली, ती प्रांतांत वाटली गेली, गावांच्या वाट्याला तिची पानं आली आणि कुटुंबांनी त्यांतून आडनावं घेतली. काही ठिकाणी सबंध गावाची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात, ते यामुळे. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात ती ‘र’ने सुरू होतात. कर वसूल करायला आणि माणसं मोजायला सरकारला ते सोयीचं होतं. चार पिढ्यांपासून आडनाव लावणाऱ्यांना मात्र ते ठेवण्याची मुभा होती.

या पार्श्वभूमीवर तिथल्या बड्या उद्योगघराण्यांकडे पाहावं. आयाला समूहाची सुरुवात १८३४ ची; घराणं स्पॅनिश मुळाचं आणि आता झोबेल दे आयाला म्हणून ओळखलं जाणारं. पण आयाला हे स्पेनच्या बास्क भागातल्या एका जागेचं नाव. त्या जागेवरून आडनाव पडलेली माणसं स्पेनमध्ये, मेक्सिकोत, सगळ्या स्पॅनिश जगात आहेत. म्हणून मनिलात कोणी आयाला भेटला तर तो त्या घराण्यातला असेलच असं नाही. हेन्री सी यांनी बुटांच्या दुकानापासून मॉलचं साम्राज्य उभं केलं. त्यांचं ‘सी’ हे आडनाव चीनच्या फूजियान प्रांतातल्या कितीतरी असंबंधित घरांचं आहे. कोहुआंगको हे मात्र अगदी वेगळं प्रकरण. फूजियानच्या होंगजियान गावातून १८६१ च्या सुमारास आलेल्या एका चिनी माणसाचं नाव, आडनावासकट आणि आदरार्थी शेपटासकट, स्पॅनिश धाटणीने एकत्र लिहिलं गेलं आणि त्याचं आडनाव झालं. असा जोडशब्द दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येणं कठीण. त्यामुळे कोहुआंगको म्हटलं की बहुधा तेच कुटुंब, साखरेचं आणि बँकांचं, ज्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या कोराझोन अक्विनो जन्मल्या. त्या १९८८ मध्ये होंगजियानला जाऊन पूर्वजांचं गाव पाहून आल्या.

यावरून हाताशी एक कसोटी येते. आडनाव जितकं जास्त लोकांना लागू पडणारं, तितकं ते नात्याबद्दल कमी बोलतं. देश, जमात, धंदा, हुद्दा यांवरून आलेली आडनावं अशीच: इराणी, वारली, कॉन्ट्रॅक्टर, तांडेल. एका माणसाच्या नावावरून किंवा एका कुळीवरून आलेली अधिक बोलकी. पण तीही सावधपणे वापरावीत. पवार, जाधव, वाघ ही आडनावं मराठ्यांत आहेत तशी कातकऱ्यांतही आहेत. भोये कोकणा आदिवासींत आहेत आणि वारल्यांतही.

मग नातं पक्कं कसं करायचं? आडनाव बाजूला ठेवून मधलं नाव पाहायचं. जिव्या सोमा म्हशे हे नाव घ्या. गंजाडच्या ज्या चित्रकाराने वारली चित्रकला जगभर नेली, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि जे २०१८ मध्ये गेले, त्यांच्या नावात सोमा हा बाप आहे. पुढच्या पिढीच्या नावात जिव्या मध्ये येतो. म्हणजे दोन नावं एकाखाली एक लिहिली की एक पायरी मिळते, तीन लिहिली की दोन. इराणी नावांतही हीच सोय आहे: रुस्तम जमशेद इराणी, मग खुदादाद रुस्तम इराणी. मराठी, गुजराती आणि पारशी-इराणी या तिन्ही रीतींत बापाचं नाव मध्ये बसतं आणि वंशावळ शोधणाऱ्याला वाट दाखवतं. आईकडची बाजू त्यात कायम बुडायची. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम शासकीय कागदांवर ठरवला, हा मला फार मोलाचा बदल वाटतो. पन्नास वर्षांनी घराणं शोधणाऱ्याला त्याचा उपयोग कळेल.

मधल्या नावानंतर तलाठ्याकडचे कागद. सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे ते दिसतं. ते तिथे कसं आलं हे फेरफाराची नोंद सांगते: खरेदीने, वारसाने, वाटणीने की कूळकायद्याने. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषक दिन, त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. त्यामुळे डहाणू-तलासरीच्या अनेक फेरफारांत एका ओळीत जमीनदाराचं आडनाव आणि पुढच्या ओळीत वारल्याचं नाव सापडतं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे परवानगी लागते, आणि १९७४ च्या कायद्याने काही हस्तांतरणं परतही फिरवली. इथे आडनाव फसवं ठरू नये म्हणून जमातीची वेगळी नोंद लागते. जात पडताळणीतही हेच. केवळ आडनाव जुळतं म्हणून दाखला मिळत नाही. १९५० पूर्वीचे शाळेचे आणि महसुलाचे कागद आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र यांना वजन असतं. ज्या आदिवासी कुटुंबाच्या जुन्या कागदावर कुळीऐवजी नुसतं ‘वारली’ आहे आणि नव्या कागदावर ‘खरपडे’, त्याला दोन्ही नावं एकाच माणसाची हे सिद्ध करत हिंडावं लागतं. लिहिणाऱ्याच्या एका शब्दाची किंमत नातवंडं मोजतात, हे मला अन्यायाचं वाटतं.

आडनावाची ताकद कुठे असते, याचं डहाणूतलं एक उदाहरण सांगायलाच हवं. डहाणूला औष्णिक वीज केंद्र येणार असं ठरलं तेव्हा नर्गिस इराणी यांनी सहकाऱ्यांसह डहाणू तालुका पर्यावरण कल्याण संघटनेतून त्याला विरोध केला आणि १९८९ मध्ये न्यायालयात गेल्या. ५०० मेगावॉटचं केंद्र झालंच. पण २० जून १९९१ ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू प्राधिकरण स्थापन झालं. वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये अडवला. (२०२३ मध्ये मात्र त्याच प्राधिकरणाने बंदराला संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली.) त्या लढ्याच्या काळात डहाणूत ‘इराणी’ म्हटलं की बागायतदाराच्या आधी ही लढाई आठवणारे लोक होते. पुढे गेलेलं एक माणूस साऱ्या आडनावाची ओळख काही काळ बदलून टाकतं, नातं असो वा नसो.

आता वारसाकडे येऊ. पारशी आणि म्हणून इराणी, यांचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ यातल्या स्वतंत्र प्रकरणाप्रमाणे चालतो. १९०८ च्या निकालाचं महत्त्व ते इथे. पूर्वी वडिलांच्या मालमत्तेत मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा मिळे. १९९१ च्या दुरुस्तीने मुलगा-मुलगी समान झाले. मुली लग्न करून मुंबईला, पुण्याला, परदेशी गेल्या, त्यांची मुलं दुसरं आडनाव लावतात, आणि मृत्युपत्र नसेल तर त्यांचीही नावं वारसनोंदीने सातबाऱ्यावर येतात. वारल्यांना मात्र २००५ ची हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती लागू नाही. अनुसूचित जमाती त्या कायद्याबाहेर आहेत आणि वारसा रूढीने चालतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं, की मुलींना वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल तर आदिवासी मुलीलाही समान वाटा आहे. या निकालाच्या आधाराने तलासरीत एखाद्या लेकीची वारसनोंद झाली, तर खरपड्यांच्या सातबाऱ्यावर दुसऱ्या कुळीचं आडनाव येईल. घोलवडला हे आधीच घडू शकतं: गावात सगळे जिला इराण्यांची वाडी म्हणून ओळखतात तिच्या उताऱ्यावर दोन पिढ्यांनंतर एकही इराणी उरलेला नसेल, आणि तरी त्या जमिनीवर नाव असलेला प्रत्येक माणूस यझदहून आलेल्या त्याच पहिल्या रुस्तमचा वंशज असेल.